घरात मुलांची वाचायची जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये इंदिरानगरला आमच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आजूबाजूची 3 ते 8 वयाची मुलं पुस्तकं बदलायला येतात, आणि त्यांना घ्यायला आलेले आईबाबा नाहीतर आजीआजोबा चपला घालता घालता हमखास काहीतरी विचारतात. दारात उभ्या उभ्या नीट बोलणं होत नाही, मागे दुसरं कोणीतरी थांबलेलं असतं, म्हणून तेच तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतेय.

ताई, आमचं वन बीएचके आहे, त्यात सासूसासरे सोबत. वाचायचा कोपरा आणायचा कुठून?

तो बहुतेक वेळा घरात आधीच असतो, आपलं लक्ष गेलेलं नसतं एवढंच. एक आठवडा काही विकत घेऊ नका, काही हलवू नका, नुसतं बघा की मूल आपणहून कुठे जाऊन बसतं. रुसलं की कुठे जातं, नवीन खेळणं मिळालं की ते घेऊन कुठे पळतं, दुपारी सगळे आडवे झाले की कुठे सापडतं. कोणाचं दिवाण आणि भिंतीच्या मधे असतं, कोणाचं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कोणाचं देव्हाऱ्याखाली. ती जागा आपल्याला अडचणीची वाटते पण मुलाला ती आवडलेली असते आणि त्याचं कारण असतं.

आमच्याकडे सिडकोतली एक मुलगी येते, तिची आई घरी ब्लाऊज शिवते. त्या मुलीची जागा निघाली शिलाई मशीन आणि भिंतीच्या मधली दोन-अडीच फुटांची फट. आईला आधी वाटायचं मधे मधे येते म्हणून, मग तिने तिथे एक गोधडी चौपदरी घडी करून टाकली आणि मशीनच्या खणाच्या मुठीला कापडी पिशवी अडकवली, पिशवीत चार पुस्तकं, बस. आता मशीन सुरू झालं की मुलगी पुस्तक काढते. कैची आणि सुयांचा डबा तेवढा वरच्या फळीवर गेला, ते आधी करायचं.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मांडी घालून बसायला दोन फूट बाय तीन फूट पुरतं खरंच. मी स्वतः कुठलीही जागा बघताना एवढंच बघते की पाठ टेकायला काहीतरी आहे का, हात लांब केला की पुस्तक लागतंय का, आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचा आवाज तिथे येतोय का.

आम्ही बेडरूममध्ये छान कोपरा केला, शेल्फ, रग, स्टिकर, सगळं. पण मूल तिथे बसतच नाही. असं का?

मला स्वतःच्या घरातलं सांगू द्या. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा मी आतल्या खोलीत सुताराकडून फळ्या मारून घेतल्या, खाली गादी, उशांना नवे अभ्रे, आणि मनापासून वाटलेलं की आता हा तासन्‌तास इथे बसेल. तो जायचाच नाही. पुस्तक उचलायचा आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा, जाता येता पाय लागायचा, मी दहा वेळा म्हणायचे आत जा ना राजा. खूप दिवसांनी कळलं की मी स्वयंपाकघरात होते म्हणून तो उंबऱ्यावर होता. लहान मुलाला एकांत नको असतो, सोबत हवी असते, आणि वाचता वाचता मधेच मान वर करून "आई हे बघ" म्हणायला समोर कोणीतरी लागतं. ते म्हणणं हा वाचनाचाच भाग आहे.

दुसरी चूक फळ्यांची. त्या चार फुटांवर होत्या, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला मला हाक, आणि पुस्तकं आपण मोठी माणसं लावतो तशी उभी, फक्त कड दिसणारी. ज्याला अजून वाचता येत नाही त्याला त्या कडेवरून काय कळणार, त्याला चित्र दिसलं पाहिजे.

तर तुमचा बेडरूममधला कोपरा मोडू नका, पण त्यातली गादी आणि सहा पुस्तकं उचलून पंधरा दिवस जिथे घरातली माणसं असतात तिथे ठेवून बघा, हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराशी (गॅसच्या ओट्यापासून लांब, गरम भांडं घेऊन आपण जिथून वळतो त्या वाटेत नको). सात-आठ वर्षांचं झालं की बहुतेक मुलं आपणहून आत जातात, तेव्हा ती खोली कामाला येते.

किती वयापासून सुरू करायचं?

बाळ असल्यापासून. तेव्हा जागा म्हणजे आपली मांडी. अगदी तान्ह्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे आपल्या कुशीतून आपल्या चेहऱ्यापर्यंतचं अंतर, त्यामुळे जाड पानांचं, ठळक काळ्यापांढऱ्या चित्रांचं पुस्तक तेवढ्याच अंतरावर धरायचं. कळतं का हा प्रश्न तेव्हा नसतो, आवाज आणि कुशी एवढंच असतं आणि ते पुरे आहे. बसायला लागलं की चटईवर, रांगायला लागलं की पुस्तकं जमिनीवर त्याच्या वाटेत.

आमचा टेबलाखाली नाहीतर कपाटात घुसून बसतो, तिथेच पुस्तक नेतो. काढावं का बाहेर?

टेबलाखालून नका काढू. वरून झाकलेली, तीन बाजूंनी बंद जागा मुलांना फार आवडते, आपणही लहानपणी माळ्यावर नाहीतर कोठीत धान्याच्या पोत्यांमागे जाऊन बसायचोच की. जुन्या नाशकात पंचवटीत किंवा भद्रकालीकडे ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांच्याकडे तर कोनाडे आहेत, खिडकीत बसण्याइतक्या जाड भिंती आहेत, जिन्याखालची खोली आहे, त्या घरांमधल्या मुलांचा मला हेवा वाटतो. फक्त भिंतीची माती पडतेय का, ओल आहे का आणि जिन्याखाली विंचू-पाल काही नाही ना हे टॉर्च मारून बघून घ्या, आणि मगच सतरंजी टाका.

फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावरून जुनी सुती साडी टाकली की झाला तंबू. साडी पातळ हवी, म्हणजे उजेड आणि हवा आत येते. ती फोल्डिंगची मच्छरदाणी मिळते ना, छत्रीसारखी उघडते ती, ती पण मस्त चालते आणि डासही चावत नाहीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तर मी तीच सुचवते.

कपाटाचं मात्र नाही म्हणा, स्पष्ट. दार बाहेरून बंद झालं तर आत मूल आहे हे कोणालाच कळत नाही. बसायचंच असेल तर दार काढून टाकलेलं कपाट, किंवा दिवाणच्या बाजूला पडदा लावून तसंच काहीतरी करून द्या.

उजेड कसा पाहिजे? कमी उजेडात वाचून डोळे जातात का?

कमी उजेडात वाचल्यामुळे डोळे कायमचे खराब होत नाहीत, पण थकतात, चुरचुरतात, डोकं दुखतं आणि मग मूल पुस्तक ठेवून देतं. आपल्याला वाटतं याला आवडच नाही. म्हणून उजेडाकडे खरंच लक्ष द्या, माझ्या मते सगळ्या खर्चात पहिला खर्च उजेडावर करावा.

दिवसा खिडकी. मूल खिडकीकडे तोंड करून बसलं की डोळ्यावर तिरीप येते आणि पाठ करून बसलं की पानावर त्याचीच सावली, म्हणून खिडकी बाजूला हवी. आपल्याकडे थंडीत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं, डिसेंबर-जानेवारीत सकाळी नऊ-दहाला त्या उन्हाच्या पट्ट्यात सतरंजी टाकायची, पाय उन्हात आणि पुस्तक सावलीत, कारण पांढऱ्या पानावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात. तीच सतरंजी एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीखाली असेल तर दुपारनंतर तिथे कोणी बसूच शकत नाही. म्हणून म्हणते जागा पक्की करू नका, सतरंजीसारखी सरकती ठेवा.

रात्री एक वरचा दिवा चालू ठेवायचाच, आणि शिवाय एक छोटा दिवा मुलाच्या खांद्यामागून पानावर पडेल असा. अंधाऱ्या खोलीत नुसता एक टेबल लॅम्प लावला की पान झगझगीत आणि बाजूला काळोख, त्यानेही डोळे लवकर थकतात. साधा 9 वॅटचा एलईडी बल्ब पुरतो, घेताना पिवळसर, वॉर्म व्हाइट मागा, झोपायच्या आधी तो बरा. दिवा कापडाला, पडद्याला टेकत नाही ना आणि वायर पायात येत नाही ना तेवढं बघा. लाईट जाते त्या दिवसांसाठी चार्जिंगचा दिवा भरून ठेवा, आमच्याकडे लाईट गेली की वाचायचा हट्ट जास्तच होतो.

आणि हेही सांगते, मूल पुस्तक नाकाजवळ नेत असेल, डोळे बारीक करत असेल, एक डोळा झाकत असेल तर दिवे बदलत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तसंही 3 ते 5 वयात एकदा डोळे तपासून घ्यावेतच, मुलांना आपल्याला कमी दिसतं हे माहीतच नसतं, त्यांना वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. रोज दिवसाउजेडी मोकळ्यावर खेळणं डोळ्यांसाठी फार चांगलं, चष्मा लागण्याचं प्रमाण त्याने कमी होतं हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर न्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पळू द्या, काहीही.

लोळून वाचतो, उलटा पडून वाचतो, पाय भिंतीवर. सरळ बसवावं का?

गोष्टीच्या पुस्तकाला नाही. पोटावर लोळून, कुशीवर, दिवाणवरून डोकं खाली लटकवून, मुलं दर पाच मिनिटांनी बदलत राहतात आणि तो बदलच चांगला, एका जागी ताठ अर्धा तास बसवणं त्यापेक्षा वाईट. पुस्तक डोळ्यांपासून हातभर, म्हणजे 30-35 सेंटीमीटर तरी लांब असू दे. पोटावर झोपून वाचणाऱ्याला छातीखाली लोड द्या, मान दुखत नाही. खुर्चीत बसणाऱ्याचे पाय लटकत असतील तर पायाखाली पाट ठेवा, आपला जेवायचा लाकडी पाट, त्याने मूल एकदम शांत बसतं, बघा करून.

लिहायचं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा चौरंग किंवा टेबल.

बीनबॅग घेऊ का? आणि ते छोटे चमचमणारे लाइट?

मोठ्या मुलाला हरकत नाही, पण घरात दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर नको. बाळ त्यात तोंडावर पडलं तर श्वास कोंडू शकतो, आणि चेन उघडली तर आतले थर्माकोलचे दाणे नाकातोंडात जातात. त्या पैशात गादीवाल्याकडून कापसाची छोटी गादी भरून घ्या, दोन फूट बाय तीन फूट, वरून धुता येणारी खोळ. किंवा आजीकडून गोधडी. आजीच्या जुन्या साडीची गोधडी असेल ना तर मूल तिथे वेगळ्याच ओढीने बसतं, त्या साड्या कोणाच्या, हा तुकडा कशाचा, याच्याच गोष्टी अर्धा तास चालतात.

लाइटच्या माळांमध्ये बऱ्याचदा बटणासारखे चपटे सेल असतात. ते मुलाने गिळले तर काही तासांत अन्ननलिका जळते, फार गंभीर प्रकार आहे. लहान मुलाच्या कोपऱ्यात असली माळ लावूच नका, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.

पुस्तकं किती ठेवायची आणि कशात?

एका वेळी आठ-दहा. बाकीची वर ठेवून द्या आणि दर पंधरा दिवसांनी त्यातली निम्मी बदला, पण मूल जे पुस्तक रोज रोज मागतंय ते काढू नका, मग ते शंभर वेळा वाचलेलं असलं तरी. तेच ते पुस्तक परत परत वाचताना मुलं वाक्यं पाठ करतात, पुढचं पान सांगतात, आणि तिथूनच कित्येकांचं वाचन सुरू होतं.

ठेवायला मला सगळ्यात आवडतं ते टोमॅटोचं प्लॅस्टिकचं कॅरेट. नाशिक जिल्ह्यात कॅरेट कोणाकडे नाही? गावाकडे कोणीतरी काका-मामा असतोच, एक मागून घ्या. जमिनीवर सरळ ठेवायचं आणि पुस्तकं चित्र समोर येईल अशी एकामागे एक उभी करायची, मूल बोटाने चाळत चाळत हवं ते काढतं. आणल्यावर साबणाने घासून, पाण्याने दोनतीनदा धुऊन, उन्हात वाळवा, फवारणीचं काही राहिलेलं असतं, आणि कडेला प्लॅस्टिक तुटून टोकदार झालं असेल तर दुसरं घ्या. आंब्याची लाकडी पेटी पण चालते, पण तिचे खिळे काढून किंवा ठोकून, पॉलिश पेपरने घासल्याशिवाय मुलांच्या हाताला द्यायची नाही, फार कुसळं असतात.

उभं शेल्फ घेतलंत तर ते भिंतीला स्क्रूने घट्ट करा. मुलं खणांवर पाय ठेवून चढतातच, आणि शेल्फ अंगावर पडतं. उंची मुलाच्या छातीएवढी बस.

भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाहीत.

मग शेल्फचा नादच सोडा, वर सांगितलेलं कॅरेट जमिनीवर. शिवाय खिडकीच्या ग्रिलला आडवी नाडी बांधून त्यावर पातळ पुस्तकं पान उघडून वाळत घातल्यासारखी लटकवता येतात. नाडी मुलाच्या गळ्याच्या उंचीला नको आणि लोंबती टोकं कापून टाका. आणि ग्रिल नसलेल्या खिडकीखाली काहीही ठेवू नका ज्यावर चढता येईल, गादीसुद्धा.

घरात संध्याकाळी 7 ते 10 टीव्ही चालू असतो, सासूबाईंच्या मालिका. त्यांना कसं सांगू?

त्यांना बंद करा असं सांगू नका, दिवसभर घर सांभाळून त्यांचा तेवढाच विरंगुळा असतो. वेळ बदला. संध्याकाळी दिवेलागणीला, शुभंकरोती झालं की लगेच पंधरा मिनिटं, टीव्ही लागायच्या आधी. आणि वाचून दाखवायचं काम त्यांनाच द्या. माझा अनुभव असा की आजीला "तुम्ही जरा हिला गोष्ट वाचून दाखवाल का, मला भाकऱ्या टाकायच्यात" असं म्हटलं की बहुतेक आज्या चष्मा शोधायला लागतात. ज्यांना वाचता येत नाही त्या चित्रं बघून गोष्ट सांगतात, आणि खरं सांगू, त्या गोष्टी पुस्तकातल्यापेक्षा भारी असतात. एका मुलाची वाचायची जागा म्हणजे आजोबांच्या आरामखुर्चीचा पायथा आहे, आजोबा पेपर वाचतात आणि हा त्यांच्या पायाला टेकून पुस्तक.

त्यातूनही टीव्ही चालू असेलच तर मुलाची पाठ टीव्हीकडे येईल अशी जागा द्या, आवाजापेक्षा हलणारं चित्र जास्त ओढतं.

दोन मुलं आहेत, एकाच जागेवरून भांडतात.

दोन गोधड्या वेगळ्या. पुस्तकांचं कॅरेट मधे, सामाईक. मोठ्याला धाकट्यापासून थोडी उंच जागा द्या, दिवाणवर वगैरे, कारण धाकटं पान ओढतं आणि मोठ्याची चिडचिड होते, ती रास्त असते. रोज थोडा वेळ मोठ्याने धाकट्याला वाचून दाखवायचं असं लावलं तर त्याला मान मिळतो, पण सक्ती नको, नाहीतर वाचन हे धाकट्याला सांभाळायचं काम होऊन बसतं.

पावसाळ्यात पुस्तकांना वास येतो, कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकू का?

नका टाकू, मुलांच्या पुस्तकात तर अजिबातच नाही. त्या गोळ्या पांढऱ्या, पेपरमिंटसारख्या दिसतात आणि तोंडात गेल्या तर विषारी असतात, काही मुलांच्या रक्तावर त्याचा फार वाईट परिणाम होतो. कापूरही मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका, तोही पोटात गेला की घातकच.

कसर आणि बुरशी दोघांना ओल लागते, म्हणून ओल तोडायची. जून ते सप्टेंबर कॅरेट बाहेरच्या भिंतीला चिकटून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा, आणि खाली दोन विटा किंवा पाट. पुस्तकं दाबून भरू नका. जिथे पावसाची सर आत येते त्या गॅलरीतून गादी पुस्तकं सगळं आत. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की पुस्तकं पानं फुलवून तासभर हवेला, कडक उन्हात नाही, रंग उडतात आणि पुठ्ठा वाकतो. सुकवलेला कडुनिंबाचा पाला पातळ कापडात बांधून खाली ठेवायची आपली जुनी पद्धत आहे, मी करते. बुरशी आलेलं पुस्तक बाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून कोरड्या फडक्याने पुसायचं, मुलासमोर झटकायचं नाही, दम्याचा त्रास असलेल्या मुलांना तर ते पुस्तक देऊच नका.

थंडीत फरशी बर्फासारखी, उन्हाळ्यात घाम. काय करायचं?

नाशिकची थंडी खरंच आहे, पारा 10 अंशांच्या खाली जातो तेव्हा नुसत्या चटईवर मूल बसणार नाही. खाली जाड सतरंजी, वर गोधडी, पायात मोजे. उन्हाळ्यात उलट, सगळं काढून टाका आणि धुतलेल्या गार फरशीवर नुसती चटई, दुपारी पडदे ओढलेल्या खोलीत, पंखा अंगावर पण पानं उडणार नाहीत असा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत स्लॅब तापलेला असतो, त्यांनी वाचन सकाळीच उरकावं.

बाळ पुस्तकं फाडतं, तोंडात घालतं.

घालणारच. जाड पुठ्ठ्याची नाहीतर कापडी पुस्तकं खाली, कागदी वर. फाटलं तर ओरडू नका, दोघांनी मिळून चिकटपट्टी लावा. आमच्याकडची सगळ्यात आवडती पुस्तकं सगळ्यात जास्त चिकटपट्टीची आहेत.

मोबाईलवर गोष्टी वाचल्या तर चालेल ना?

जागतिक आरोग्य संघटनेचं 2019 चं सांगणं असं की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नको, 2 ते 4 वयाला दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं चांगलं. त्या तासात गोष्ट वाचली तर मला चालेल, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत भरपूर चित्रगोष्टी फुकट आहेत, पण तुम्ही शेजारी बसून. त्यातली आवडलेली गोष्ट प्रिंट काढून स्टेपल केली की पुस्तक तयार, ते कॅरेटमध्ये जातं. वाचायच्या जागेत चार्जर मात्र लावू नका, जिथे चार्जर तिथे मोबाईल येतोच.

पुस्तकं आणायची कुठून? विकत घेणं परवडत नाही सारखं सारखं.

नाशकात राहून हा प्रश्न पडू नये असं मला मनापासून वाटतं. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय, सावाना, 1840 पासून आहे. मुलाला एकदा तिथे घेऊन जा, त्याच्या हाताने पुस्तक निवडू द्या. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे येतात, नाशकातच सुरू झालेली गोष्ट आहे ही, सोसायटीत चार-पाच घरं मिळून चौकशी करा. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं आजही स्वस्त असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचायला मिळतात, सहा-सात वर्षांच्या पुढच्यांना वाचून दाखवायला उत्तम.

आणि सगळ्यात सोपं, बिल्डिंगमधल्या सहा घरांनी प्रत्येकी पाच पुस्तकं काढायची, तीस झाली. एक कॅरेट जिन्यात.

वाचताना खायला देऊ का?

कोरडं द्या. चुरमुरे, फुटाणे मोठ्या मुलांना, चार-पाचच्या खालच्यांना फुटाणे-शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. चिवड्याचं तेल पानाला लागतं आणि मग मुंग्या.

इंग्लिश मीडियमला आहे, मराठी पुस्तक उघडतच नाही.

तुम्ही वाचून दाखवा, त्याने वाचलंच पाहिजे असं नको. कानावर पडू द्या. दोन्ही भाषांची पुस्तकं एकाच कॅरेटमध्ये मिसळून ठेवा, मराठीचं वेगळं केलं की ते अभ्यासाचं वाटायला लागतं.

आम्ही दोघंही कामाला, मी अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये. वेळच नाही, मग या सगळ्याचा काय उपयोग?

हा प्रश्न एका बाबांनी विचारला होता आणि त्यांचा चेहरा मला आठवतो, फार वाईट वाटत होतं त्यांना. सेकंड शिफ्ट म्हणजे रात्री घरी येईपर्यंत मुलगी झोपलेली. आम्ही बसून त्यांचा दिवस बघितला तेव्हा सापडली ती सकाळची दहा मिनिटं, स्कूल व्हॅन यायच्या आधी, मुलगी दप्तर घेऊन खाली जिन्यात बसायची आणि हे चहाचा कप घेऊन शेजारी उभे राहायचे. आता ते बसतात. दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात एक पातळ पुस्तक असतं, रोज चार-पाच पानं होतात, व्हॅनचा हॉर्न वाजला की पान दुमडायचं. दुपारी ती आजीकडे असते, तिथे दिवाणखाली दुसरं कॅरेट ठेवलंय. आणि परवा शनिवारी पुस्तक बदलायला आली तेव्हा म्हणाली, पातळ द्या, जिन्यातलं पाहिजे.